सह्याद्रीच्या दगडातले होकायंत्र

घाटातून एस.टी.ने जाताना कड्यांवर एकावर एक रचलेले काळ्या खडकाचे थर तुम्ही पाहिले असतील. हा बसाल्ट, म्हणजेच थिजलेला लाव्हा. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून वर आला. पण हे दगड आज आहेत त्याच जागी जन्मले का? उत्तर दगडातच आहे. ते वाचायला विजेचे दोन धडे पुरतात.

पहिला धडा : तारेतून वीजप्रवाह गेला की शेजारची चुंबकसूची वळते. हे ओरस्टेडने १८२० साली दाखविले. दुसरा धडा : चुंबकीय क्षेत्रात वाहक हलविला की त्यात प्रवाह निर्माण होतो. हे १८३१ साली फॅरेडेने दाखविले. आपल्या पायांखाली सुमारे २,९०० किलोमीटरवर वितळलेल्या लोखंडाचा थर सुरू होतो. उष्णतेमुळे तो सतत घुसळला जातो. लोखंड हा वाहक. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात हलला की प्रवाह निर्माण होतो आणि तोच प्रवाह ते क्षेत्र टिकवून धरतो. असा हा प्रचंड डायनामो आहे.

लाव्ह्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. तापमान सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या वर असताना त्यांना कायमचे चुंबकत्व नसते. त्याखाली थंड होताना मात्र ते त्या वेळच्या क्षेत्राच्या दिशेत चुंबकित होतात आणि ती दिशा जपून ठेवतात. मोकळी टांगलेली चुंबकसूची विषुववृत्ताजवळ आडवी राहते, ध्रुवाकडे जावे तशी अधिकाधिक कलते. या कलाला नतिकोन म्हणतात. हजारो वर्षांची सरासरी घेतली तर नियम सोपा आहे : नतिकोनाचा टॅन = २ × अक्षांशाचा टॅन.

दख्खनच्या बसाल्टमध्ये नतिकोन सुमारे ४५ अंश मिळतो. टॅन ४५ म्हणजे १. म्हणून अक्षांशाचा टॅन अर्धा, आणि अक्षांश सुमारे २६.५ अंश. पण उत्तर की दक्षिण? उत्तर गोलार्धात सूचीचे उत्तर टोक खाली झुकते; येथे ते वर उचललेले आढळते. म्हणजे दक्षिण! (पृथ्वीचे क्षेत्र अधूनमधून उलटते. त्या काळातल्या थरांत दोन्ही टोकांची अदलाबदल होते. निष्कर्ष तोच राहतो.)

आता गणित करा. आज हे खडक सुमारे १८ अंश उत्तरेला आहेत. अंतर ४४.५ अंश, एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर सुमारे ४,९०० किलोमीटर. याला ६.६ कोटींनी भागा. वर्षाला साडेसात सेंटिमीटर!

खंडे सरकतात, असे वेगेनरने १९१२ साली मांडले, तेव्हा अनेकांनी ते हसण्यावारी नेले. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात त्याचा अंत झाला. क्लेग, डॉइश आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या खडकांच्या चुंबकत्वाची मोजमापे प्रसिद्ध केली ती १९५६ साली. वेगेनरच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांत आपला काळा कातळही होता.

भारताचा भूपट्ट आशियाला धडकला, हिमालय उभा राहिला, पण रेटा थांबलेला नाही. २०१५ चा नेपाळचा भूकंप त्याचाच. पुढच्या वेळी गडावर जाल तेव्हा होकायंत्र बरोबर न्या आणि कातळाच्या अगदी जवळ धरून पाहा. एखाद्या ठिकाणी सूची हलेल. कातळातले चुंबकत्व तुमच्याशी बोलत असेल.