आंब्याच्या वासाचं 'पेन'

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा पेनासारखी वस्तू घेऊन आला. "बाई, दादाच्या दप्तरात सापडली. आंब्याचा वास येतो!"

ती होती ई-सिगारेट. हिच्यात तंबाखू जळत नाही, राख पडत नाही. बॅटरीवर तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती ओढतात. नुसती वाफच ना, असं वाटेल. पण तिच्यात बहुधा तंबाखूतलंच निकोटिन असतं. त्याची सवय चटकन जडते, सुटता सुटत नाही. वाढत्या मेंदूला तर ते फार वाईट. गोड वास म्हणजे गळाला लावलेलं आमिष!

"दादाला पोलीस नेतील?" त्याने घाबरून विचारलं.

नाही रे! २०१९च्या कायद्याने आपल्या देशात ई-सिगारेट बनवायला, विकायला, साठवायला, तिची जाहिरात करायला बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढणाऱ्याला त्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही. रोख आहे तो धंदा करणाऱ्यांवर.

म्हणून पालकांनो, आधी मारझोड नको. कुठून मिळाली ते शांतपणे विचारा. त्या दादाने वडिलांना दुकान दाखवलं. भीती गेली की तोंड उघडतं.

मुलांनो, तुम्हीही सांगाल ना?