बंबातले पाणी, चुलीवरची डाळ

कापसाची शेवटची वेचणी झाली की बीड जिल्ह्यात पऱ्हाट्या उपटल्या जातात आणि घराच्या कडेला त्यांची गंजी लागते. वर्षाचे सरपण ते. जंगल फारसे नसलेल्या या भागात पऱ्हाट्या, तुराट्या आणि वेड्या बाभळीवरच चूल पेटते. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, गॅस घरात पोचला. तरी चहा-भाजी गॅसवर आणि आंघोळीचे पाणी बाहेर चुलीवर, ही वाटणी बऱ्याच घरांत कायम आहे.

या वाटणीमागे आडमुठेपणा नाही, हिशेब आहे. थंडीत २० लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट विजेइतकी उष्णता लागते. गॅसवर त्यासाठी सुमारे ६० ग्रॅम गॅस जळतो. म्हणजे पाच माणसांचे घर नुसत्या आंघोळींवर १४.२ किलोचा सिलिंडर दीड महिन्यात संपवील. तीन दगडांच्या चुलीवर लाकडातली जेमतेम दहा टक्के उष्णता हंड्याला मिळते, त्यामुळे एका आंघोळीमागे किलोभर सरपण जाते. ते फुकट, पण त्याचा धूर फुफ्फुसात जातो. घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या बाईला दम्यासारखा जुनाट श्वासविकार जडतो, त्याचे एक मोठे कारण ही चूल. शिवाय रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात शेतात परतते, ते वेगळेच.

पाणी सरपणावरच तापवायचे तर उघड्या हंड्यापेक्षा जुना तांब्याचा बंब कितीतरी शहाणा. त्यात जाळ पाण्याच्या मधोमध असलेल्या नळीतून वर जातो, त्यामुळे उष्णता चहूबाजूंनी पाण्याला मिळते. बंब अडगळीत टाकून हंडा चुलीवर चढवणाऱ्यांनी तो पुन्हा बाहेर काढायला हरकत नाही. छत पक्के असेल तर सौरबंब सर्वांत स्वस्त पडतो. बीडला ऊन मागावे लागत नाही. फक्त बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार साचतात, त्यांची सफाई धरूनच विचार करावा.

स्वयंपाकात गॅस वाया जातो तो उकळीनंतर. पाणी एकदा उकळले की खाली जाळ कितीही वाढवा, तापमान चढत नाही. नुसती वाफ होते. आणि एक लिटर पाण्याची वाफ करायला तेच पाणी उकळीपर्यंत आणण्याच्या सुमारे सातपट उष्णता जाते. म्हणून झाकण हवे आणि उकळी आली की जाळ बारीक हवा. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांपर्यंत चढते, डाळ झटपट शिजते. डाळ आधी भिजवावी, चिंच-टोमॅटो शिजल्यावरच घालावे. जड पाण्यात तूर लवकर शिजत नाही, हे इथल्या बायकांना कोणी शिकवायला नको.

खरी अडचण आहे ती ऊसतोड कामगारांची. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. गावातला सिलिंडर गावात राहतो आणि कोपीपुढे पुन्हा तीन दगड मांडले जातात. पहाटे अंधारात स्वयंपाक, मग दिवसभर कोयता. भोवती पाचटाचे ढीग असतात, पण पाचट भुरकन जळते आणि धूरच फार करते. याच पाचटाचा कोळसा करून विटा पाडण्याचे तंत्र डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील ‘आरती’ संस्थेने विकसित केले. २००२ मध्ये त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेच्या सराई कुकरमध्ये मूठ-दीड मूठ कोळशावर घरापुरता वरण-भात वाफेवर शिजतो आणि पाणी संपेपर्यंत कोणाला चुलीपाशी बसावे लागत नाही. एवढी सोय कोपीपर्यंत पोचवायला कारखान्यांना जड जाऊ नये. ५ किलोचा छोटा सिलिंडरही टोळीबरोबर नेता येतो, तो भरून मिळण्याची व्यवस्था मात्र फडाजवळ हवी.

कोळशाची शेगडी मात्र बंद कोपीत कधीही पेटती ठेवू नये, थंडीतही नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. बंद न्हाणीतल्या गॅस गिझरलाही हेच लागू. डोके जड होऊन मळमळू लागले, तर आधी दार उघडून बाहेर पडावे, गिझर नंतर बंद करावा.