सरासरी अणुवस्तुमान : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मूलद्रव्याच्या ज्या अणूंत प्रोटॉनांची संख्या समान, पण न्यूट्रॉनांची संख्या भिन्न असते, त्यांना त्या मूलद्रव्याची समस्थानिके म्हणतात. निसर्गात आढळणारे क्लोरीन हे क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७ या दोन स्थिर समस्थानिकांचे मिश्रण असून आवर्तसारणीत त्याचे सरासरी अणुवस्तुमान ३५.४५ दिलेले असते. या आकड्याविषयीचे चार गैरसमज विशेष रूढ आहेत.

गैरसमज : क्लोरीनच्या प्रत्येक अणूचे वस्तुमान ३५.४५ असते.

वस्तुस्थिती : कार्बन-१२ अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग म्हणजे एक डाल्टन. या एककात क्लोरीनचे अणू ३४.९६९ किंवा ३६.९६६ वस्तुमानाचे असतात, ३५.४५ हा मिश्रणाचा गुणधर्म आहे, एकट्या अणूचा नव्हे.

गैरसमज : दोन्ही वस्तुमानांच्या बेरजेला दोनने भागले की सरासरी मिळते.

वस्तुस्थिती : तसे केल्यास सुमारे ३६ हे उत्तर येते, कारण दोन्ही समस्थानिके समप्रमाणात आहेत असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात क्लोरीन-३५ सुमारे ७५.७६ टक्के आणि क्लोरीन-३७ सुमारे २४.२४ टक्के आढळते. म्हणून प्रत्येक वस्तुमानाला त्याच्या प्रमाणाने गुणून गुणाकारांची बेरीज करावी लागते, जिला भारित सरासरी म्हणतात :

(३४.९६९ × ०.७५७६) + (३६.९६६ × ०.२४२४) = ३५.४५

गैरसमज : अणुवस्तुमानांक हेच समस्थानिकाचे वस्तुमान होय.

वस्तुस्थिती : अणुवस्तुमानांक ही प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची एकूण संख्या असल्याने तो पूर्णांकच असतो, परंतु केंद्रक बांधले जाताना काही वस्तुमान ऊर्जारूपाने बाहेर पडते आणि ते प्रत्येक केंद्रकात निराळे असते. व्याख्येनेच बरोबर १२ ठरलेला कार्बन-१२ वगळता इतर समस्थानिकांची वस्तुमाने म्हणूनच पूर्णांकात येत नाहीत. वरील गणितात ३५ आणि ३७ वापरल्यास उत्तर ३५.४८ येते.

गैरसमज : सरासरी अणुवस्तुमान सर्वत्र आणि सर्वकाळ एकच असते.

वस्तुस्थिती : युरेनियम-२३८च्या किरणोत्सारी ऱ्हासाची साखळी शिसे-२०६ वर संपते, त्यामुळे युरेनियमयुक्त खनिजांतील शिसे सर्वसाधारण शिशाहून हलके भरते, अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ थिओडोर रिचर्ड्स यांनी १९१४ मध्ये मोजमापांनी हे दाखवले. समस्थानिकांचे प्रमाण नमुन्याच्या उगमानुसार बदलते, हे लक्षात घेऊन आंतरराष्ट्रीय शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्र संघाने २००९ च्या तक्त्यात दहा मूलद्रव्यांसाठी एका आकड्याऐवजी पल्ला दिला. क्लोरीनचा पल्ला ३५.४४६ ते ३५.४५७ असल्याने सामान्य गणितांत ३५.४५ पुरेसे ठरते. अतिसूक्ष्म मोजमापात मात्र हाती असलेल्या नमुन्यातील समस्थानिकांचे प्रमाणच तपासावे लागते.