इंग्लंड व जपान : प्राथमिक शिक्षणाचे दोन मार्ग

इंग्लंडचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा १८७० चा, जपानचे शिक्षणविधान १८७२ चे. अंतर दोनच वर्षांचे, परंतु प्रकृती सर्वस्वी भिन्न. इंग्लंडात धर्मसंस्थांच्या शाळा आधीच होत्या. त्यांना धक्का न लावता, जेथे उणीव तेथे लोकनियुक्त शाळामंडळे स्थापावी, एवढाच कायद्याचा हेतू. सार्वत्रिक सक्ती आली ती १८८० मध्ये. उलट जपानने आरंभीच सर्व देशासाठी एक आराखडा आखला. खर्चाचा भार मात्र मुख्यतः गावांवर व पालकांवर टाकला. परिणामी १८७३ च्या शेतकरी-उठावांत काही ठिकाणी शाळाच जाळण्यात आल्या. तेराकोया या जुन्या खाजगी पाठशाळांनी लेखन-वाचनाची आवड रुजविली नसती, तर ही योजना बहुधा कागदावरच राहती. १९०० मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे शुल्क उठले आणि १९०२ पर्यंत पटनोंदणी शेकडा ९० च्या वर गेली.