इंग्रजीतील अनुप्रश्न : रचना आणि प्रयोजन

‘तुम्ही उद्या येणार ना?’, ‘ती गेली ना?’, ‘त्यांना मराठी येते ना?’ या तीन वाक्यांत कर्ता, काळ व क्रियापद निरनिराळे असूनही अंती येणारे ‘ना’ हे अव्यय एकच आहे. फ्रेंच भाषेतील ‘नेस पा’ आणि जर्मन भाषेतील ‘निश्ट वार’ हे प्रयोगही असेच अविकारी होत. इंग्रजीचा मार्ग मात्र वेगळा आहे. तेथे विधानाच्या अंती जोडावयाचा लघुप्रश्न प्रत्येक वेळी त्या विधानावरून नव्याने घडवावा लागतो. इंग्रजी व्याकरणात त्यास ‘टॅग क्वेश्चन’ म्हणतात; प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘अनुप्रश्न’ ही संज्ञा योजिली आहे.

अनुप्रश्नाची घडण तीन नियमांनी होते. विधानातील साहाय्यक क्रियापद प्रथम घ्यावयाचे. ते नसल्यास ‘डू’, ‘डज’ अथवा ‘डिड’ यांपैकी काळास अनुरूप रूप आणावयाचे. नंतर कर्त्याच्या जागी त्याचे सर्वनाम योजावयाचे. तिसरा नियम विरोधाचा : विधान होकारार्थी असल्यास अनुप्रश्न नकारार्थी आणि विधान नकारार्थी असल्यास तो होकारार्थी. ‘द बॉइज प्लेड वेल, डिडन्ट दे?’ आणि ‘रवी कान्ट स्विम, कॅन ही?’ या वाक्यांत हे तीनही नियम एकत्र दिसतात.

विधान नकारार्थी कोणते, हे केवळ ‘नॉट’ या शब्दावरून ठरत नाही. ‘नेव्हर’, ‘हार्डली’, ‘सेल्डम’, ‘नोबडी’, ‘नथिंग’ हे शब्दही विधानास नकारार्थी करतात. म्हणून ‘शी हार्डली स्पीक्स, डज शी?’ हीच शुद्ध रचना होय. ‘एव्हरीबडी’ हा शब्द एकवचनी क्रियापद घेत असला, तरी त्याचे सर्वनाम ‘दे’ असे येते : ‘एव्हरीबडी केम, डिडन्ट दे?’ ‘आय अ‍ॅम लेट’ या विधानापुढे प्रमाण इंग्रजीत ‘आरन्ट आय?’ असे म्हणतात. ‘लेट्स गो’ यापुढे ‘शॅल वी?’ येते.

विशेष विचारार्ह रचना पुढील होय : ‘आय थिंक ही इज इल, इझन्ट ही?’ येथे मुख्य वाक्य ‘आय थिंक’ असूनही अनुप्रश्न गौण वाक्यावरून घडला आहे. कारण वक्त्याचे खरे प्रतिपादन गौण वाक्यातच आहे. ‘आय थिंक’ हे शब्द त्या प्रतिपादनास केवळ सौम्यता देतात.

रचनेइतकेच महत्त्व स्वराला आहे. ‘इट इज कोल्ड टुडे, इझन्ट इट?’ यातील अनुप्रश्न उतरत्या स्वरात उच्चारल्यास वक्त्याला केवळ दुजोरा हवा असतो. चढत्या स्वरात उच्चारल्यास त्याच्या मनात खरी शंका असते. विरोधाचा नियम मोडून केलेली रचनाही अर्थपूर्ण असते. ‘सो यू हॅव रेड माय लेटर, हॅव यू?’ या वाक्यातून संशय वा रोष प्रकट होतो. रॉबिन लेकॉफ यांनी 1975 च्या आपल्या ग्रंथात अनुप्रश्न हे वक्त्याच्या अनिश्चिततेचे, विशेषतः स्त्रियांच्या बोलण्यातील अनिश्चिततेचे, लक्षण मानले होते. पुढे जॅनेट होम्स यांनी दाखवून दिले की, समोरच्या व्यक्तीस संभाषणात सामावून घेण्यासाठीही त्यांचा उपयोग होतो. यास्तव केवळ रूपावरून प्रयोजन ठरविता येत नाही.

मराठी भाषिकाची खरी अडचण उत्तर देताना उद्भवते. ‘यू हॅवन्ट पेड द फी, हॅव यू?’ असे विचारले असता, शुल्क न भरलेला विद्यार्थी ‘येस’ म्हणून जातो. ‘हो, आपण म्हणता ते खरे आहे’ असा त्याचा आशय असतो. इंग्रजी श्रोता मात्र त्यातून ‘शुल्क भरले आहे’ असा अर्थ घेतो. कारण इंग्रजीत ‘येस’ वा ‘नो’ हे विचारणाऱ्याशी सहमती दर्शवीत नाहीत. उत्तरातील क्रिया घडली की नाही, यावर ते अवलंबून असतात. म्हणून तेथे ‘नो, आय हॅवन्ट’ हेच योग्य उत्तर. न्यायालयातील उलटतपासणीत अथवा वैद्यकीय तपासणीत असा एका शब्दाचा विपर्यास गंभीर ठरू शकतो.

भारतीयांच्या इंग्रजीत सर्वत्र येणारे ‘इझन्ट इट’ हा दोष आजवर अध्यापकांच्या टीकेचा विषय होत आला आहे. परंतु भारतीय इंग्रजीचे अभ्यासक त्यास त्या बोलीचे एक वैशिष्ट्य मानतात, आणि खुद्द लंडनच्या बोलीत ‘इनिट’ हे रूप असेच अविकारी झाले आहे. प्रमाण लेखनात व परीक्षेत ते त्याज्य खरे. तथापि त्यामुळे अर्थाची हानी क्वचितच होते. उत्तरातील चूक मात्र अर्थच उलटा करते. अध्यापनात अनुप्रश्नाच्या रचनेचा सराव पुष्कळ दिला जातो. त्याच्या उत्तराचा सराव त्याहून अधिक दिला जाणे इष्ट होय.