जुना फ्लॅश, नवा कॅमेरा : जोडण्याआधी मोजा

बारसे, डोहाळजेवण, हळद, साखरपुडा यांचे फोटो काढायची कामे आता बचत गटातल्या बायकाही घेऊ लागल्या आहेत. कॅमेरा घ्यायचा तर गटाचे कर्ज काढावे लागते, आणि नव्या फ्लॅशला पैसे उरत नाहीत. मग कुणाच्या तरी माळ्यावरचा, रोलच्या कॅमेऱ्याचा जुना फ्लॅश हाती येतो. तो डिजिटल कॅमेऱ्यावर बसतोही. पण बसला म्हणजे चालला असे नाही. आज आपण त्याबद्दलच बोलणार आहोत.

थोडक्यात सांगायचे तर जुना फ्लॅश बहुतेक वेळा कामाला येतो. मात्र आधी त्याची वीज मोजायची, आणि कॅमेरा सगळे आपोआप करील ही आशा सोडायची.

पहिली गोष्ट विजेची. फ्लॅश कॅमेऱ्यावर ज्या खाचेत सरकवतो तिला हॉट शू म्हणतात. तिच्या मधोमध एक गोल टिकली असते. फोटो काढताना कॅमेरा ही टिकली आणि कडेची पट्टी आतून जोडतो आणि फ्लॅश उडतो, अगदी दिव्याचे बटण दाबावे तसा. जुन्या रोलच्या कॅमेऱ्यात हे बटण धातूच्या पत्र्यांचे असे, त्याला जास्त व्होल्टचा त्रास नव्हता. डिजिटल कॅमेऱ्यात ते काम नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग करतो. जास्त व्होल्ट आले तर तो जळू शकतो, मग दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि हप्ता वेगळा.

नुसते नाव बघून फ्लॅशचा अंदाज येत नाही. विविटार २८३ हा फ्लॅश आपल्याकडच्या अनेक स्टुडिओंत होता. त्याच्या सुरुवातीच्या नगांत दोनशेच्या पुढे व्होल्ट मोजले गेले आहेत, तर नंतरच्या नगांत दहाच्या आसपास. वरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून प्रत्येक नग मोजायचा.

मोजायला मल्टिमीटर लागतो. गावात मोटारी दुरुस्त करणाऱ्या वायरमनकडे तो असतोच, त्याला शेजारी बसवून घ्या. फ्लॅशमध्ये नवे सेल घाला, फ्लॅश चालू करा, तयार असल्याचा छोटा दिवा लागू द्या. मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या मोठ्या आकड्यावर ठेवा. लाल टोक फ्लॅशच्या बुडाशी असलेल्या मधल्या टिकलीला, काळे टोक कडेच्या धातूच्या पट्टीला लावा. दोन्ही ठिकाणी एकदम बोट लावू नका. सहा व्होल्टच्या आत आकडा आला तर निर्धास्त राहा. त्यापेक्षा जास्त आला तर कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत मर्यादा बघा. निकॉनच्या बऱ्याच डिजिटल कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ती २५० व्होल्ट दिलेली आहे, पण सगळ्याच कॅमेऱ्यांची तेवढी नसते. पुस्तिका नसेल तर जोडू नका. आणि फ्लॅश कधीही घरी उघडू नका. सेल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात, तो झटका जिवावर बेतू शकतो.

दुसरी गोष्ट प्रकाश मोजण्याची. रोलच्या जमान्यातल्या चांगल्या कॅमेऱ्यात एक हुशारी होती. फ्लॅशचा प्रकाश माणसावर पडून परत येई, लेन्समधून आत जाऊन फिल्मवर पडे, आणि फिल्मवरून उडालेला उजेड कॅमेऱ्यातला एक छोटा डोळा मोजत बसे. पुरेसा झाला की तो फ्लॅशला म्हणे, ‘बस्स’. १९७५ साली आलेल्या ऑलिंपस ओएम-२ या कॅमेऱ्याने फिल्मवरून असा प्रकाश मोजायची पद्धत आणली. लेन्समधून आलेला प्रकाश मोजायच्या पद्धतीला टीटीएल म्हणतात.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर आला. तो काचेसारखा चकचकीत असतो, त्यावरून प्रकाश फिल्मसारखा परत येत नाही. म्हणून नवी पद्धत आली. खऱ्या फोटोच्या क्षणभर आधी फ्लॅश हलकासा चमकतो, कॅमेरा तेवढ्यात माप घेतो आणि मग पाहिजे तेवढाच मोठा उजेड पाडतो. कॅननने ही पद्धत १९९५ साली रोलच्याच कॅमेऱ्यात आणली होती. निकॉनने ती १९९९ साली डी१ या डिजिटल कॅमेऱ्याबरोबर आणली आणि २००३ साली पुन्हा बदलली. त्यामुळे एकाच कंपनीचा फ्लॅश आणि कॅमेरा असूनही त्यांची भाषा जुळत नाही. निकॉनचा एसबी-२८ डिजिटल कॅमेऱ्यावर टीटीएलवर चालत नाही, पण ‘ए’ आणि ‘एम’ या खुणांवर छान चालतो. कॅननच्या ज्या जुन्या फ्लॅशच्या नावात शेवटी ‘ईझेड’ आहे ते डिजिटलवर आपोआप माप घेत नाहीत, त्यांना मॅन्युअलवरच वापरावे लागते. ‘ईएक्स’ असेल तर जुळते.

आता ‘ए’ म्हणजे काय? पुष्कळ जुन्या फ्लॅशच्या तोंडावर एक बारीक भोक असते. तो फ्लॅशचा स्वतःचा डोळा. परत आलेला उजेड तो स्वतःच मोजतो आणि स्वतःच थांबतो, कॅमेऱ्याला विचारत नाही. म्हणून तो कुठल्याही कॅमेऱ्याबरोबर चालतो. फक्त फ्लॅशवर जो आयएसओ आणि जे अ‍ॅपर्चर लावले असेल तेच कॅमेऱ्यावरही लावायचे, आणि त्या भोकावर बोट येऊ द्यायचे नाही.

असा डोळा नसेल तर हिशेब करायचा. तोही सोपा आहे. फ्लॅशवर गाइड नंबर असतो, समजा २८. त्याला मीटरमधल्या अंतराने भागा. नवरी पाच मीटरवर असेल तर २८ भागिले ५, म्हणजे ५.६. आयएसओ १०० ठेवून अ‍ॅपर्चर ५.६ लावा. आयएसओ ४०० केला तर गाइड नंबर दुप्पट धरा, म्हणजे त्याच ५.६ वर दहा मीटरपर्यंत उजेड पोचेल. काही जुन्या फ्लॅशवर हा नंबर फुटांत लिहिलेला असतो, तेव्हा अंतरही फुटांतच मोजा. शटर कॅमेऱ्याच्या मर्यादेत ठेवा, बहुतेक ठिकाणी १/२०० किंवा १/२५०. त्याहून जास्त केले तर फोटोत काळा पट्टा येतो.

तिसरी गोष्ट पांढऱ्या रंगाची. रोलच्या साध्या फोटोत उजेड थोडा जास्त झाला तरी लॅबवाला छापताना सांभाळून घेई. डिजिटलमध्ये पांढरे एकदा जळले की गेले. आजोबांची टोपी, नवऱ्याचा फेटा, नवरीच्या शालूची जर, सगळे कोरे पांढरे होते, आणि मागाहून कॉम्प्युटरवर ते परत आणता येत नाही. म्हणून जळालेला भाग लुकलुकून दाखवायची सोय कॅमेऱ्यात चालू करा. कार्याच्या आधी टोपीवाल्या कुणालातरी उभे करून एक फोटो काढा. टोपी लुकलुकली तर अ‍ॅपर्चरचा आकडा एक पायरी वाढवा, म्हणजे ५.६ चे ८ करा. उजेड निम्मा होईल.

चौथी गोष्ट दोन फ्लॅश वापरणाऱ्यांसाठी. मांडवाच्या कोपऱ्यात ठेवलेला, दुसऱ्याचा उजेड बघून उडणारा जुना फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्याच्या त्या हलक्या चमकीलाच फसतो आणि आधीच उडून जातो. फोटोत अंधार. उपाय हा की कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर ठेवावा, म्हणजे आधीची चमक होतच नाही. जास्त व्होल्टचा फ्लॅशही असाच कोपऱ्यात वापरता येतो, कारण तो कॅमेऱ्याला जोडलेलाच नसतो.

मैत्रिणींनो, अक्षता एकदाच पडतात. तो फोटो हुकला तर काम देणाऱ्याला तोंड दाखवता येत नाही, आणि पुढची कामेही जातात. म्हणून पुढच्या बैठकीला गटातल्या सगळ्या फोटो काढणाऱ्या जणींनी आपापले फ्लॅश घेऊन या, वायरमनदादांना बोलवा आणि एकेक मोजून आकडा चिठ्ठीवर लिहून फ्लॅशलाच चिकटवा. चिठ्ठी नसलेला फ्लॅश कुणीही कॅमेऱ्यावर चढवायचा नाही, एवढा नियम गटाच्या वहीत लिहून ठेवा.