मटकीला मोड का येतात?

कामं आवरली का? हातात सूप असेल तर असू द्या. आजचं बोलणं त्या सुपातल्या दाण्यांबद्दलच आहे.

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर मुलांच्या अभ्यासाचा विषय निघाला. एक ताई म्हणाली, "मराठी, गणित बघते मी थोडंफार. पण विज्ञान आपल्याला काय येणार? मी चौथीतून शाळा सोडलेली." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही गप्प राहिले. कारण मी बी.ए. झालेली, तरी माझ्या मुलीनं "मटकीला मोड का येतात?" असं विचारलं, तेव्हा मी म्हणाले होते, "पुस्तकात बघ, मला भाकरी करू दे." त्यानंतर चार दिवस तिनं मला काहीच विचारलं नाही. ते मनाला लागलं.

पाचव्या दिवशी मीच तिला हाक मारली आणि आम्ही दोघींनी मिळून एक प्रयोग केला. तो तुम्हालाही सांगते.

चार वाट्या घ्या. एकाच डब्यातली मटकी मोजून प्रत्येक वाटीत 20 दाणे टाका. पहिल्या वाटीत कोरडे दाणे ठेवा. दुसरीत भरपूर पाणी घाला आणि दाणे बुडवूनच ठेवा. तिसरी आणि चौथी वाटी रात्रभर भिजवा, सकाळी पाणी काढून टाका आणि दाणे ओल्या फडक्यात ठेवा. तिसरी झाकून अंधारात, चौथी उघडी, उजेडात पण उन्हात नको. फडकं सुकलं की पाणी शिंपडा.

आता महत्त्वाचं. काय होणार ते आपण सांगायचं नाही. आधी मुलांना अंदाज विचारायचा आणि तो वहीत लिहून ठेवायचा. मग रोज सकाळ-संध्याकाळ दाणे मोजायला लावायचे.

माझी मुलगी म्हणाली होती, "उजेडातल्या मटकीला मोड येणारच नाहीत, तू तर नेहमी झाकून ठेवतेस." मलाही तसंच वाटायचं! पण दोन्ही वाट्यांना मोड आले. कोरड्या दाण्यांना काहीच झालं नाही. आणि बुडवून ठेवलेले दाणे फुगले, पण मोड धड आले नाहीत, पाण्याला वास सुटला. म्हणजे मोड यायला ओल हवी, ऊब हवी आणि हवाही हवी. दाणा जिवंत असतो, तोही श्वास घेतो. पाण्यात बुडाला की त्याला पुरेशी हवा मिळत नाही.

हे ऐकून बैठकीतली तीच ताई म्हणाली, "अगं, म्हणून तर आपण वाफसा आल्यावर पेरतो! चिखलात पेरलं तर बी सडतं." बघा, विज्ञान येत नाही म्हणणारीच हे बोलली. सोयाबीन पेरायच्या आधी ती दरवर्षी 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते. 70 किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायला योग्य, कमी उगवले तर बियाणं बदलायचं किंवा एकरी जास्त टाकायचं. हा प्रयोगच आहे. फक्त आजवर तिनं मुलांना शेजारी बसवून दाणे मोजायला लावले नव्हते.

मैत्रिणींनो, तिसरी ते पाचवीच्या मुलांचं विज्ञान 'परिसर अभ्यास' या विषयात येतं. पाणी, अन्न, झाडं, प्राणी, हवा. यातलं काय आपल्या घरात नाही? माठातलं पाणी गार का होतं? विरजण थंडीत लवकर का लागत नाही? हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल का होतो? त्याच लाल डागावर लिंबू पिळून बघा, परत पिवळा होतो. साबण आणि लिंबू उलट गुणांचे आहेत, हे हळद सांगते. मुलांनी पुढच्या वर्गात आम्ल आणि आम्लारी हे शब्द वाचले की त्यांना हा डाग आठवेल. पण चुना किंवा विस्तव मुलांच्या हातात देऊ नका. चुना डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती असते.

उत्तर येत नसेल तर लाजायचं नाही. "मला माहीत नाही, चल करून बघू" एवढं म्हणायचं. अंदाज चुकला म्हणून रागवायचं नाही. आणि प्रयोगाला मुलगा अन् भांडी घासायला मुलगी, असं तर मुळीच करू नका.

या आठवड्यात चार वाट्या मांडा. काय झालं ते मुलांनाच पुढच्या बैठकीत सांगू द्या. आपण ऐकू. आणि दोन वाट्यांतल्या मोडांची उसळ करू, वाया कशाला घालवायची!

भेटू पुन्हा. नमस्कार.